गव्हाचे पीक उपग्रहातून जोखताना

फेब्रुवारी २०२२ च्या मध्यावर केंद्र सरकारने गव्हाचा आगाऊ अंदाज जाहीर केला: ११ कोटी १३ लाख टन. विक्रमी पीक. उत्तरेतली शेते तेव्हा हिरवीगार होती आणि शिवारात शंका घेण्यासारखे काही नव्हते. मग मार्च आला. १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरियाणात ऐन दाणा भरण्याच्या दिवसांत पारा चढला, पीक वेळेआधी पिवळे पडले आणि दाणा बारीक राहिला. १३ मे रोजी निर्यातबंदी आली आणि त्याच महिन्यात अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर उतरला. तीन महिन्यांत कागदावरचे जवळपास ४९ लाख टन नाहीसे झाले.

उपग्रहावरून गव्हाचा अंदाज बांधायला निघालेल्याने ही गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी. उपग्रहाला दाणा दिसत नाही, त्याला पान दिसते. पान भरघोस असेल तर दाणाही भरघोस असण्याची शक्यता मोठी, पण ती शक्यताच. पान आणि दाणा यांच्यामध्ये चाळीसेक दिवस असतात, आणि गव्हाचे बरेवाईट बहुतेक वेळा त्याच दिवसांत ठरते.

तरीही हे काम करण्यासारखे आहे. शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, बाजार समितीतले व्यापारी, गोदाम चालवणारे आणि गावी परतलेले कृषी पदवीधर यांना तालुक्याचा गहू कापणीच्या महिनाभर आधी बऱ्यापैकी जोखता येतो. त्यासाठी एक साधा लॅपटॉप, फुकट मिळणारी चित्रे आणि बांधावर हिंडण्याची तयारी पुरते. उदाहरणासाठी आपण नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका घेऊ. तिथे गव्हाचे जुने संशोधन केंद्र आहे, पीक बागायती आहे, आणि द्राक्षे, कांदा, ऊस यांच्या दाटीत गहू हुडकणे कठीण आहे. तिथे पद्धत बसली तर इतर तालुक्यांत ती बसवायला फार अडचण पडू नये.

एक गुंठा, एक ठिपका

उपग्रहाचे चित्र चौकोनी ठिपक्यांचे असते. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा हिशेब सोपा आहे: सेंटिनेलचा एक ठिपका म्हणजे एक गुंठा आणि एकरात चाळीस ठिपके. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या एविफ्स कॅमेऱ्याचा ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे एकतीस गुंठ्यांचा. नासाच्या मोडिस या उपकरणाचा २५० मीटरचा ठिपका पंधरा एकरांवर पसरतो. पंजाबात पंधरा एकरांत सलग गहू सापडेल. निफाडात तेवढ्या जागेत द्राक्षबाग, दोन कांद्याचे वाफे, उसाची पट्टी, विहीर, घर आणि कडेला वीस गुंठे गहू असा संसार असतो.

म्हणून महाराष्ट्रात गव्हासाठी सुरुवात सेंटिनेल-२ पासूनच करावी. पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये गेला. तेव्हापासून एका वेळी दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच शेतावरून जातात. चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर विनामूल्य मिळतात, आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठी गूगल अर्थ इंजिनवरही. मोडिस अगदी टाकाऊ नाही. त्याच्याकडे २००० सालापासूनचा इतिहास आहे आणि सलग पिकाच्या भागात तो उपयोगी पडतो, पण आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत त्याच्यावर विसंबू नये.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. रब्बीत महाराष्ट्राचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. खरिपात सोयाबीनचा अंदाज बांधणाऱ्यांना जुलै-ऑगस्टात महिना-महिना ढगांचे पांढरे चित्र मिळते, आणि उत्तरेत डिसेंबर-जानेवारीचे धुके आडवे येते. आपल्याला अवकाळीचे चार-आठ दिवस सोडले तर नोव्हेंबर ते मार्च वीसेक स्वच्छ चित्रे सहज मिळावीत.

हिरवेपणाचा आकडा

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की एनडीव्हीआय मिळतो. एखाद्या ठिपक्यावर लाल परावर्तन ०.०५ आणि अवरक्त ०.४५ असेल, तर ०.४० भागिले ०.५०, म्हणजे ०.८. हे दाट पीक. लाल ०.१२ आणि अवरक्त ०.१६ असेल तर उत्तर ०.१४ येते. ही उघडी काळी जमीन. या आकड्याचा पेरणीपासून कापणीपर्यंतचा आलेख काढला की एखाद्या शेताची हंगामभराची हकिकत समोर येते.

इथे एक खोच आहे आणि ती फार जणांना फसवते. वातावरणाचा परिणाम काढून टाकलेलीच चित्रे घ्यावीत, त्यांना लेव्हल-२ए म्हणतात. पण २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या साठवणुकीची पद्धत बदलली आणि प्रत्येक ठिपक्याच्या मूळ आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. आधीची आणि नंतरची चित्रे तशीच शेजारी ठेवली तर काय होते पाहा. लाल ५०० आणि अवरक्त ४५०० असलेले शेत पूर्वी ०.८ दाखवायचे. नव्या पद्धतीत तेच आकडे १५०० आणि ५५०० होतात आणि एनडीव्हीआय ०.५७ वर येतो. पीक तसेच उभे असते, संगणक मात्र दुष्काळ दाखवतो. वजाबाकी करूनच तुलना करावी, किंवा गूगल अर्थ इंजिनवर जुळवून घेतलेला म्हणजे ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच वापरावा.

आधी क्षेत्र, मग उतारा

एकूण उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उतारा. नवखे लोक उताऱ्याच्या मागे लागतात, कारण ते गणित रंगतदार असते. माझे मत उलटे आहे. महाराष्ट्रात तालुक्याचा अंदाज चुकतो तो बहुधा क्षेत्रातच. पाणी कमी असेल तर गव्हाऐवजी हरभरा पडतो, कांद्याला भाव असेल तर गव्हाचे रान कांद्याला जाते. उतारा एका वर्षात थोडा वरखाली होतो, क्षेत्र मात्र चांगलेच हलते.

एकाच चित्रावरून गहू ओळखण्याचा प्रयत्न करू नये. जानेवारीच्या मध्यावर निफाडात सगळेच हिरवे असते. गहू ओळखू येतो तो आलेखाच्या चालीवरून. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाचे रान तेव्हा उघडे दिसते, डिसेंबरात झपाट्याने हिरवे होते, जानेवारीत कळस गाठते आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उतरू लागते. रब्बी ज्वारी त्याच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असते. हरभरा तेवढा दाट दिसत नाही आणि लवकर संपतो. रांगड्या कांद्यानंतरचा उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लागतो, म्हणून त्याचा कळस पुढे सरकतो. उसाची रेघ वर्षभर वरच असते. द्राक्षबाग ऑक्टोबर छाटणीनंतर फुटते आणि गहू काढून झाला तरी हिरवी राहते. उशिरा पेरलेला गहू हा खरा घोळ. १५ डिसेंबरपर्यंत पेरण्या चालतात आणि त्याची चाल उन्हाळ कांद्याच्या चालीला जवळ जाते. तिथे संगणकाला मदत लागते, आणि ती बांधावरूनच मिळते.

जिथे बांधावर जाताच येत नाही तिथून ही विद्या सुरू झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकी बाजारातून प्रचंड धान्य उचलले आणि तिथले पीक बुडाल्याचा पत्ता अमेरिकेला उशिरा लागला. त्यानंतर नासा, अमेरिकेचे कृषी खाते आणि हवामान खाते यांनी १९७४ ते १९७७ या काळात लॅन्डसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून परदेशातला गहू मोजण्याचा मोठा प्रयोग केला. आपल्याकडे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने हे काम उभे केले, आणि २०१२ पासून दिल्लीचे महालनोबीस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उपग्रह, हवामान आणि जमिनीवरची पाहणी जोडून देशाचे अंदाज देते. युद्धाने पेटलेल्या युक्रेनमध्ये २०२२ साली नासाच्या हार्वेस्ट गटाने २ कोटी ६६ लाख टन गहू निघाल्याचा अंदाज दिला. त्यातला साधारण २२ टक्के युक्रेनच्या ताब्यात नसलेल्या भागातला होता. तिथे जाऊन पाहायला कोणी जाऊ शकत नव्हते. आपण जाऊ शकतो, तेव्हा न जाण्याला निमित्त नाही.

शिवारात नोंदी घेताना मोबाइलचा जीपीएस पुरे. शेताच्या आत, बांधापासून दोन-तीन ठिपके, म्हणजे वीस-तीस मीटर आत जाऊन उभे राहावे. बांधावर उभे राहून घेतलेला बिंदू हमखास शेजारच्या पिकात किंवा बाभळीवर पडतो. पिकाचे नाव, पेरणीचा अंदाजे दिवस, पाण्याचा स्रोत आणि एक फोटो एवढे पुरते. गव्हाइतक्याच नोंदी गहू नसलेल्या शेतांच्याही घ्याव्यात. हा भाग लोक टाळतात आणि मग नकाशावर गहू वारेमाप फुगतो. तालुक्यासाठी दीड-दोनशे नोंदी चांगल्या, आणि त्या रस्त्याकडेच्या नकोत. रस्त्याकडेचे रान पाणी, खत, मजूर सगळ्यांच्या जवळ असते, त्याच्यावरून आडरानातला गहू ओळखता येत नाही. शेतकऱ्यांनी ई-पीक पाहणीत स्वतः केलेल्या नोंदी २०२१ पासून राज्यभर होत आहेत. तुमची उत्पादक कंपनी असेल तर सभासदांच्या नोंदी त्यांच्या संमतीने घेता येतील. पण त्या नोंदीसुद्धा चार ठिकाणी प्रत्यक्ष पडताळून घ्याव्यात.

नोंदींच्या जोरावर गूगल अर्थ इंजिनमध्ये गव्हाचा नकाशा बनवता येतो. रँडम फॉरेस्ट ही संगणकी वर्गीकरणाची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे, तिच्यापेक्षा भारी काही शोधत बसू नये. नकाशा झाला की लोक ठिपके मोजतात आणि क्षेत्र जाहीर करतात. इथे थांबावे. नकाशावरच्या ठिपक्यांची संख्या हे क्षेत्र नव्हे, कारण नकाशा दोन्ही बाजूंनी चुकतो. समजा नकाशाने १०,००० हेक्टर गहू आणि ४०,००० हेक्टर इतर दाखवले (हे आकडे समजावण्यापुरते आहेत). दोन्ही भागांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे बिंदू निवडून पाहणी केली. गव्हाच्या भागात १०० पैकी ८५ बिंदूंवर खरोखर गहू निघाला आणि इतर भागात १०० पैकी ३ बिंदूंवर. मग खरे क्षेत्र ८,५०० अधिक १,२००, म्हणजे ९,७०० हेक्टर. इतर भागातले ते ३ टक्के फुटकळ वाटतात, पण त्या भागाचा पसाराच मोठा असल्याने बाराशे हेक्टर त्यातून निघतात. घरापुरता दहा-वीस गुंठे पेरलेला गहू बहुतांशी तिथेच लपलेला असतो.

पानावरून दाण्याकडे

उताऱ्यासाठी सर्वांत साधी पद्धत म्हणजे हंगामातला सर्वोच्च एनडीव्हीआय आणि त्या वर्षीचा सरकारी उतारा यांचा संबंध काढणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आणि युक्रेनमध्ये मोडिसवरून हे केले गेले. कापणीच्या सहा आठवडे आधी कॅन्ससमध्ये ७ टक्क्यांच्या आत आणि युक्रेनमध्ये १० टक्क्यांच्या आत अंदाज आला. साध्या पद्धतीच्या मानाने हे यश मोठे आहे. पण ते राज्य आणि देश पातळीवरचे आहे, जिथे एका शेतातली चूक दुसऱ्या शेतातल्या चुकीत जिरून जाते. तसाच आकडा कोणी एकेका शेतासाठी देऊ लागला तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

निफाडसारख्या बागायती भागात या पद्धतीची एक मर्यादा लवकर जाणवते. पीक दाट झाले, पानांनी जमीन पूर्ण झाकली, की एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे फारसा सरकत नाही. चांगला गहू आणि फार चांगला गहू दोन्ही सारखेच दिसतात. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या रेड-एज पट्ट्यांचा निर्देशांक वापरणे. सेंटिनेल-२ मध्ये हे पट्टे आहेत, फक्त त्यांचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा आहे. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो: कळस किती उंच गेला यापेक्षा पीक किती दिवस हिरवे राहिले ते मोजणे. फुलोऱ्यानंतर पान जितके दिवस टिकते तितके दिवस ओंबीला अन्न मिळते.

हे दिवस मोजताना तारखेनुसार तुलना करू नये, पेरणीपासूनच्या दिवसांनुसार करावी. आलेख जिथून चढायला लागतो त्यावरून पेरणीचा दिवस आठवड्याभराच्या फरकाने काढता येतो. मग महाराष्ट्रात पाण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या अवस्था त्यावर बसवाव्यात: १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटणे, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरणे, ६५ ते ७० दिवसांनी फुलोरा आणि चीक भरणे, ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरणे. यंदाची रेघ ८५ व्या दिवशी गेल्या चार वर्षांच्या रेघांपेक्षा खाली असेल तर काहीतरी बिघडले आहे. कालव्याचे आवर्तन चुकले असेल, तांबेरा किंवा मावा आला असेल, किंवा ऊन लवकर तापले असेल. कारण उपग्रह सांगणार नाही. रेघ खाली आलेल्या गावात फोन करावा.

उष्णतेचे प्रकरण मात्र हवामानाच्या आकड्यांतून आधीच हेरता येते. उत्तर भारतातल्या गव्हाचा मोडिसवरून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. ३४ अंशांच्या वर गेलेल्या दिवसांमुळे गव्हाची पाने लवकर वाळतात हे त्यात उपग्रहाच्या नोंदींवरूनच दाखवले होते. म्हणून फुलोऱ्यानंतरच्या दिवसांत कमाल तापमान ३४ च्या वर किती दिवस गेले, एवढा एक रकाना अंदाजाच्या तक्त्यात असलाच पाहिजे. महाराष्ट्रात गहू उत्तरेच्या आधी पिकतो, त्यामुळे हे दिवस आपल्याकडे फेब्रुवारीत मोजायचे. २०२२ ची चूक टाळायची असेल तर हा रकाना सर्वांत स्वस्त विमा आहे.

प्रकाशाच्या हिशेबावर चालणाऱ्या पद्धतीही आहेत. पानांनी किती ऊन टिपले, त्याचे किती वजन झाले, पाण्याच्या आणि तापमानाच्या ताणाने किती कापले, आणि एकूण वजनातला किती भाग दाण्यात गेला, असे गुणाकार त्यात असतात. त्या शास्त्रीयदृष्ट्या जास्त नेटक्या आहेत. पण शेवटचा गुणाकार, म्हणजे दाण्याचा वाटा, तुम्ही बहुधा पुस्तकातूनच उचलणार, आणि सगळी चूक तिथे दडून बसणार. सुरुवात करणाऱ्याने साध्या पद्धतीवर दोन हंगाम काढावेत.

आता आकडेशास्त्राचा एक कडू डोस. निफाडसाठी सेंटिनेलचे तुमच्याकडे फार तर आठ-दहा रब्बी हंगाम असतील. एवढ्या बिंदूंवर एनडीव्हीआय, पाऊस, तापमान, धरणसाठा, पेरणीचा दिवस असे पाच घटक चढवले तर गेल्या प्रत्येक वर्षाचा उतारा जवळपास हुबेहूब जुळेल आणि पुढचे वर्ष साफ चुकेल. दोनच घटक घ्यावेत. आजूबाजूचे चांदवड, येवला, सिन्नर यांसारखे तालुके जोडून नोंदी वाढवाव्यात. आणि तपासणी अशी करावी: एक वर्ष पूर्ण बाजूला ठेवायचे, उरलेल्यांवर सूत्र बसवायचे, बाजूला ठेवलेल्या वर्षाचा अंदाज काढायचा. असे प्रत्येक वर्षाबाबत करून सरासरी चूक काढायची. मग तिची तुलना अगदी बाळबोध अंदाजाशी करायची, म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी. तुमचे सूत्र त्या सरासरीवर मात करत नसेल तर ते फेकून द्यावे, मग त्यात कितीही उपग्रह असोत. विकत घेतलेल्या सेवेलाही हीच कसोटी लावावी. चकचकीत नकाशे दाखवणाऱ्याला एवढेच विचारावे: सरासरीपेक्षा तुमची चूक किती कमी आहे आणि ती किती वर्षांवर तपासली?

विळ्याशिवाय पर्याय नाही

सरकारी उताऱ्याचे आकडे पीक कापणी प्रयोगातून येतात. त्यांची शास्त्रीय बैठक घालणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत: पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे. १९४० च्या दशकात त्यांनी यादृच्छिक निवडीचा आग्रह धरला, म्हणजे शेत आणि त्यातला तुकडा चिठ्ठीने ठरवायचा, डोळ्याने नव्हे. ऐंशी वर्षांनंतरही या आग्रहाचे महत्त्व कमी झालेले नाही. उपग्रहाच्या जमान्यात तर ते वाढले आहे, कारण कापणीचा आकडा चुकीचा असेल तर तुमचे सूत्र ती चूक अत्यंत काटेकोरपणे पुढे नेईल.

स्वतःचे दहा-पंधरा कापणी प्रयोग करता आले तर अंदाजाचा दर्जा एकदम वर जातो. उपग्रह इथे उलट्या बाजूने मदत करतो. जानेवारीच्या कळसाच्या चित्रावरून गव्हाच्या शेतांचे बरे, मध्यम आणि कमजोर असे तीन भाग पाडावेत आणि प्रत्येकातून चिठ्ठीने चार-पाच शेते निवडावीत. त्यामुळे थोड्या कापण्यांत सगळ्या प्रकारचे पीक येते. कमजोर भागातले शेत निघाले की मालक म्हणेल, इथे कशाला, पलीकडचे माझे चांगले आहे. पलीकडे जाऊ नये.

५ मीटर बाय ५ मीटरचा तुकडा कापून, मळून, वजन करावे. ९ किलो निघाले तर हेक्टरी ३६ क्विंटल, एकरी साडेचौदा. पण ओलावा बघावा. दाण्यात १६ टक्के ओलावा असेल आणि हिशेब १२ टक्क्यांवर हवा असेल तर ३६ ला ८४ ने गुणून ८८ ने भागावे. उत्तर ३४.४ येते. दीड क्विंटलाचा फरक नुसत्या पाण्याचा. शिवाय हार्वेस्टरमधून शेतात सांडणारा दाणा या वजनातून वजा झालेला नसतो, तेव्हा बाजारात येणारा माल याहून थोडा कमीच धरावा.

पीक विम्याशी संबंधित असणाऱ्यांनी या विषयाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उताऱ्यात तंत्रज्ञानावर आधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे धोरण आले. म्हणजे उपग्रहाचा आकडा आता भरपाईपर्यंत पोचू शकतो. आपल्या महसूल मंडळाचा आकडा कसा निघाला हे विचारणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि वर सांगितलेले प्रश्न विचारता येणारे चार जण प्रत्येक मंडळात असायला हवेत.

कधी काय बोलावे

निफाडसाठी डिसेंबरअखेर फक्त क्षेत्राबद्दल बोलावे, तेही ‘गतवर्षीपेक्षा कमी’ किंवा ‘जास्त’ एवढेच. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कळसाची चित्रे हातात असतात. उताऱ्याचा पहिला अंदाज तेव्हा द्यावा. वेळेवर पेरलेल्या गव्हाची कापणी तेव्हा महिनाभरावर असते. फेब्रुवारीच्या शेवटी उष्ण दिवस आणि हिरवे राहण्याचा काळ पाहून दुरुस्ती करावी. उशिरा पेरलेल्या गव्हाचा हिशेब वेगळा ठेवावा, तो मार्चच्या मध्यापर्यंत उघडाच असतो.

गारपीट झाली तर आधीचा अंदाज बाजूला ठेवावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने राज्यातल्या रब्बीचे मोठे नुकसान केले होते. लोळलेला गहू एनडीव्हीआयमध्ये काही दिवस हिरवाच दिसतो. पडलेले पीक ओळखायला सेंटिनेल-१ या उपग्रहाचे रडार बरे, ते ढगांतूनही बघते, पण त्याचे चित्र वाचायला सराव लागतो. सराव नसेल तर गारपीट झालेल्या गावांत दुसऱ्या दिवशी माणूस पाठवावा.

अंदाज नेहमी पल्ल्यात सांगावा. वरच्या उदाहरणात ९,७०० हेक्टर आणि हेक्टरी ३० क्विंटल धरले तर २९,१०० टन येतात. तुमच्या तपासणीत सरासरी चूक १० टक्के निघाली असेल तर ‘२६ ते ३२ हजार टन’ असे म्हणावे. एकच आकडा ऐकायला लोकांना आवडतो आणि तो दिला की तुमची किंमत दोन दिवस वाढते. पण गोदामाची जागा, बारदान, बँकेची उचल हे सगळे पल्ल्यावर ठरवायचे असते. खालच्या टोकाला काय करायचे आणि वरच्या टोकाला काय, हे आधी ठरवले तर अंदाज खरा उपयोगी पडतो. एकेका शेतकऱ्याच्या शेताचा अंदाज मात्र त्याच्या संमतीशिवाय व्यापाऱ्याला किंवा बँकेला देऊ नये. तो आकडा फारसा भरवशाचा नसतो, आणि शेतकऱ्याचा भाव पाडायला तो वापरला जाऊ शकतो.

यंदा हे करून पाहायचे असेल तर दिवाळीच्या आधी तालुक्याची हद्द, मागच्या हंगामांची चित्रे आणि मंडळवार उताऱ्याचे सरकारी आकडे जमवून ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या नोंदींसाठी शिवारात उतरा, आणि जानेवारीत पुन्हा त्याच शेतांवर जा. उशिरा जाग आली तरी उपग्रहाची जुनी चित्रे केव्हाही मिळतात, पण कापून गेलेल्या पिकाची नोंद पुन्हा घेता येत नाही.